फॅटी लिव्हर : ‘ग्रेड’ नको, ‘फिब-४’ बघा

संपादक महोदय,

पोटाच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आले की ‘हल्ली सगळ्यांनाच असते’ म्हणत अहवाल कपाटात जातो. ग्रेड ३ आली की घरदार हवालदिल. ही ग्रेड यकृतात चरबी किती दिसते, एवढेच सांगते. यकृतात व्रणासारखे तंतू वाढून ते कडक होऊ लागले आहे का, म्हणजे फायब्रोसिस किती, हे तिच्यावरून कळत नाही. सिरॉसिसचा (यकृत आक्रसून निकामी होत जाण्याचा) धोका मात्र त्या फायब्रोसिसवरच ठरतो. ग्रेड १ वाल्याचे यकृत ग्रेड ३ वाल्यापेक्षा खराब असू शकते.

याचा पहिला अंदाज घ्यायला नवी तपासणी बहुधा लागत नाही. वय, एसजीओटी व एसजीपीटी (रक्तात मोजली जाणारी यकृताची विकरे, अहवालात एएसटी व एएलटी) आणि प्लेटलेट हे चार आकडे पुरतात. रक्ताचे तिन्ही आकडे शक्यतो एकाच वेळचे हवेत. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेट हजारांत घेऊन (१.६० लाख म्हणजे १६०) एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागले की ‘फिब-४’ मिळतो. घोटाळा बहुधा प्लेटलेटपाशीच होतो : १६० ऐवजी १.६ घातले की आकडा शंभरपट फुगतो.

समजा वय ५२, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १.६० लाख. बहुतेक प्रयोगशाळांच्या अहवालात यातला एकही आकडा ठळक छापला जाणार नाही. पण १९७६ भागिले ९६० म्हणजे २.०६! आकडा १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. मधुमेह असल्यास वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा गणित करावे. १.३ ते २.६७ असेल तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी) करावा, तोही किमान तीन तास उपाशी राहून, कारण खाल्ल्यावर यकृताचा कडकपणा जास्त दिसतो. त्यात ८ किलोपास्कलच्या वर आकडा आला, किंवा फिब-४ मुळातच २.६७ च्या पुढे असला, तर यकृततज्ज्ञांना दाखवावे. पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात; पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचे नाही. डेंगी, मलेरिया किंवा काविळीच्या दिवसांतले रक्त यासाठी वापरू नये. प्लेटलेट उतरलेल्या आणि एसजीओटी चढलेले असते.

हे कोणी करावे? टाइप २ मधुमेह असलेल्या प्रत्येकाने. शिवाय कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असून जोडीला रक्तदाब किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले असतील त्यांनी. कंबर पँटच्या मापावरून धरू नये : शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावावा. ‘मी दारूला शिवत नाही’ हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. हिपॅटायटिस बी आणि सी मात्र एकदा तपासून घ्यावे.

औषधांच्या दुकानातल्या ‘लिव्हर टॉनिक’ने फायब्रोसिस जात नाही. काढ्यांबाबतही जपून : २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. वजन पाच टक्क्यांनी उतरले की चरबी कमी होऊ लागते. सूज आणि फायब्रोसिस हटायला सात ते दहा टक्के लागतात. म्हणजे ८० किलोच्या माणसाला सुमारे ६ ते ८ किलो, आठवड्याला अर्धा ते एक किलो या बेताने. कडक उपासाने झपाट्याने वजन उतरवले तर यकृताची सूज उलट वाढू शकते. गोड पेये आणि पाकीटबंद फळरस आधी बंद करावेत.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. मधुमेह-रक्तदाबाच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात रुग्णाच्या कार्डावर साखरेशेजारी फिब-४ चा एक रकाना असावा. आणि आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांनी, जिथे हे तिन्ही आकडे आमच्याच यंत्रातून निघतात तिथे, फिब-४ ची चौथी ओळ आपणहून छापावी. संगणकात सूत्र एकदाच घालायचे आहे. त्यासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेण्याचे कारण नाही.

— एक पॅथॉलॉजिस्ट, सोलापूर