आरोग्यमंत्री साहेब, बिल कापणाऱ्यानं खाली सही पण करावी

मा. ना. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्ही राधानगरीचे म्हणजे आमच्या घरचेच, म्हणून जरा मोकळं लिहितोय. मी कोल्हापुरात एका छोट्या हॉस्पिटलात बिलिंगला आहे, तेरा वर्षं झाली. प्री-ऑथ टाकायचं म्हणजे उपचाराला विम्याची आधी मंजुरी मागायची, फाईल लावायची, क्वेरी म्हणजे तपासणाऱ्यांची शंका आली की उत्तर द्यायचं आणि क्लेम, म्हणजे विम्याकडं मागितलेलं बिल, कापून आला की आमच्या डॉक्टर सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगायचं, हे माझं रोजचं काम. ते शेवटचं सांगायला जाताना अजूनही पाय जड होतात.

एकच फाईल सांगतो. कुठला विमा, कुठली कंपनी हे लिहीत नाही, कारण मला कुणा एकावर बोट ठेवायचं नाही, असं सगळीकडंच चाललंय.

मागच्या मार्चमधली गोष्ट. पन्हाळ्याकडचा एक माणूस, दिवसा फौंड्रीत कामाला, आणि शेतीची लाईट रात्रीची म्हणून रात्री उसाला पाणी पाजायला गेलेला. बांधावर घोणस चावली. पावणेबाराला दोघांनी मोटरसायकलवर मधी धरून आणला, हिरड्यांतनं रक्त येत होतं. विषानं रक्त गोठायचं थांबलंय का बघायला सरांनी काचेच्या साध्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं आणि ती स्टँडला लावून ठेवली, वीस मिनिटं हलवायची नाही. मी काउंटर सोडून दारात उभा होतो, कारण पेशंटचा भाऊ माझ्याच हाताला धरून उभा होता. वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं ओघळलं, गोठलंच नव्हतं. लगेच अँटी स्नेक व्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, 10 व्हायल (छोट्या बाटल्या) चालू. सहा तासांनी परत ट्यूब, परत तेच, परत 10. दुपारी रक्त गोठलं तेव्हा सिस्टरनी मला खाली फोन करून सांगितलं, आणि मी भावाला सांगितलं. सहाव्या दिवशी माणूस चालत घरी गेला.

आता बिल तपासणाऱ्या विम्याच्या ऑडिटवाल्यांची क्वेरी बघा. "20 व्हायल का वापरल्या त्याचं समर्थन द्या. रिकाम्या व्हायलचे फोटो जोडा." रात्री बारा वाजता माणूस जगतोय का मरतोय हे बघायचं का बाटल्यांचे फोटो काढायचे? बाटल्या बायोमेडिकल वेस्टमध्ये टाकल्या, गाडी येऊन घेऊन गेली, नियमच तसा आहे. आम्ही फार्मसीचं इश्यू रजिस्टर दिलं, बॅच नंबर दिले, दोन्ही डोसच्या वेळा लिहिलेला नर्सिंग चार्ट दिला, ट्यूब टेस्टची नोंद दिली. तीन महिन्यांनी दोनच शब्दांत उत्तर आलं, "नॉट जस्टिफाईड", आणि 10 व्हायलचे पैसे कापले. कुणी लिहिलं त्याचं नाव नाही, डिग्री नाही, सही नाही. सरांनी ते वाचून मला एवढंच विचारलं, "हे ज्यानं लिहिलंय त्यानं घोणस चावलेला पेशंट कधी बघितलाय का रे?" माझ्याकडं काय उत्तर असणार.

ऑडिट नको असं मी अजिबात म्हणत नाही साहेब, उलट पाहिजेच. मी या काउंटरच्या आत बसतो, मला माहितेय काय काय होतं ते. साध्या तापाला आयसीयू दाखवणं, एक दिवस वाढवणं, न केलेल्या तपासणीचं बिल लावणं. कोविडमध्ये सरकारनं 21 मे 2020 ला दर ठरवले, साध्या बेडला दिवसाला 4000, आयसीयूला 7500, व्हेंटिलेटरला 9000, आणि बिलं तपासायला सरकारी ऑडिटर बसले. तेव्हा आम्ही कुरकुर केली होती, पण खरं सांगतो, ती तपासणी समोरासमोर होती. ऑडिटर आमच्या टेबलावर बसायचे, केसपेपर मागायचे, ही पीपीई किटची रक्कम जास्त आहे कमी करा म्हणायचे, आम्ही बोलायचो, ते ऐकायचे, जिथं आमचं चुकलं तिथं नातेवाईकांना पैसे परत मिळायचे. माणूस समोर होता, त्याला विचारता येत होतं, यात सगळं आलं. आता समोर फक्त पोर्टल आहे, आणि त्यात आपण उत्तर टाकलं की ते कुठं जातं कुणालाच ठाऊक नाही.

असलं ऑडिट फक्त आपल्याकडंच बिघडलंय असंही नाही. कॅनडात ओंटारिओ म्हणून प्रांत आहे, तिथं डॉक्टरांची बिलं सरकारच भरतं. तिथले ऑडिटवाले थोड्या फाईली तपासायचे आणि त्यात निघालेली चूक बाकीच्या सगळ्या बिलांना लावून वसुली काढायचे. 2003 मध्ये तिथल्या एका बालरोगतज्ज्ञानं अशा वसुलीनंतर जीव दिला. मग सरकारनं तिथल्या सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पीटर कोरी यांना नेमलं, आणि त्यांनी 2005 च्या अहवालात ही पद्धत बदला असं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडं कुणाचा जीव जाईपर्यंत थांबायला नको.

महात्मा फुले योजना, म्हणजे सरकारची फुकट उपचाराची विमा योजना, तुमच्या खात्याकडं आहे म्हणून तुमच्याकडं मागतोय. दीड लाखाचं कव्हर पाच लाख झालं, सगळ्या कुटुंबांना लागू झालं, लई मोठं काम आहे ते, आमच्याकडं गगनबावड्याच्या पलीकडनं, घाट चढून कोकणातनं माणसं येतात त्यांना विचारा. पण क्लेम वाढले की तपासणी वाढणार, आणि तपासणीचे नियम आत्ताच नीट केले नाहीत तर छोटी हॉस्पिटलं हळूहळू अंग काढून घेणार. मोठ्यांकडं क्लेमसाठी वेगळी टीम असते, आमच्याकडं मी एकटा. एक क्लेम अडकला की त्या महिन्याचा सिस्टरांचा पगार पुढं जातो, आणि मग पुढच्या वेळी रात्री बारा वाजता घोणसवाला आला की कुणीतरी म्हणणार, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, न्या. म्हणणारा वाईट नसतो हो, घाबरलेला असतो. पण ती वीस मिनिटं रस्त्यात जातात.

सगळ्यात आधी सही. आमच्या सरांना साध्या गोळीच्या चिठ्ठीवरपण स्वतःचा रजिस्ट्रेशन नंबर लिहावा लागतो. मग जो डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचं बिल कापतो त्यानंपण नाव आणि नंबर लिहावा, आणि मराठीत चार ओळी कारण लिहावं. सर्पदंशाची फाईल फिजिशियननं बघावी, बाळंतपणाची गायनॅकनं. क्वेरी काढायची तर एकदाच सगळी काढावी, आज डिस्चार्ज समरी, पंधरा दिवसांनी एक्स-रे, महिन्यानं आधारची झेरॉक्स असं नको. आयुष्मान भारतमध्ये क्लेम 15 दिवसांत निकाली काढायचा असा नियम आहे, तर क्वेरी टाकून ते घड्याळ थांबवत ठेवायचं हे बंद झालं पाहिजे. आणि फोटो राहिला ही कागदाची चूक आहे, बाटली न वापरता बिल लावणं ही चोरी आहे. दोन्हीला एकच शिक्षा कशी? चोराला पॅनलवरनं, म्हणजे योजनेतल्या हॉस्पिटलांच्या यादीतनं, काढा, गुन्हा दाखल करा, आम्ही कामगार लोक साक्षीला येतो. ज्याचा फोटो राहिला त्याला ऐकून तर घ्या.

आणि ऐकायचं इथंच, कोल्हापुरात. जिल्हा तक्रार निवारण समिती नियमात आहेच, तिच्यापुढं कापलेले क्लेम येऊ देत. महिन्यातनं एक दिवस ठरवा, त्यात सीपीआरमधले एक सीनियर डॉक्टर बसू देत, ऑडिट करणाऱ्याकडचा एक जण बसू दे, आणि पेशंटच्या बाजूनंपण कुणीतरी पाहिजे, कारण आम्ही दोघं भांडताना त्याचंच नाव त्या फाईलवर असतं आणि त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. जे कापलं ते मागच्या दारानं पेशंटकडनं वसूल होत नाही ना, हेही त्याच दिवशी त्याला समोर बसवून विचारा.

घोणसची ती फाईल मी जपून ठेवलीय, ट्यूब टेस्टच्या नोंदीसकट. पेशंटचं नाव झाकून झेरॉक्स काढून ठेवलीय. तुम्ही कोल्हापुरात असाल तेव्हा दहा मिनिटं द्या, सर्किट हाऊसला घेऊन येतो. मी सांगत बसत नाही, तुम्ही स्वतः बघा आणि त्या 10 व्हायल कापायच्या होत्या का नव्हत्या ते तुम्हीच सांगा.

आपला,
बिलिंग डेस्कवरचा एक कर्मचारी, कोल्हापूर