टेलरकाका, त्या बगलेतल्या चौकोनासाठी

टेलरकाका, सप्रेम नमस्कार.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हातपाय आखडतात ती अवस्था) असलेल्या आमच्या मुलांचे कपडे तुम्ही बदलून देता आणि त्यातली बरीच मुलं आता शर्ट स्वतः घालतात. कपडे घालायची रीत थेरपिस्ट शिकवतात, पण कपडाच आडवा आला तर ती रीत चालत नाही. म्हणून तुमचे मनापासून आभार. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण इतर पालकांनाही आपल्या टेलरला नेमकं काय सांगायचं ते कळावं.

सगळ्यात मोठं काम बगलेतलं. 'एक साइझ मोठा शर्ट घ्या' असा सल्ला सर्रास मिळतो. तसा घेतला की खांदा ओघळतो, बाही बोटांवर येते आणि जेवताना आमटीत बुडते. मुलाला जागा हवी असते ती फक्त बगलेत, कारण आखडलेल्या हाताचं कोपर बाहीत जाताना पुरतं सरळ होत नाही. तुम्ही तिथे त्याच कापडाचा ३ इंची चौकोन उरेब, म्हणजे तिरका, कापून जोडता. उरेब कापड ताणतं, त्यामुळे वाकलेल्या कोपरावरूनही बाही चढते. घालताना आखडलेला हात आधी आणि काढताना चांगला हात आधी, हा क्रम मात्र घरच्यांनी पाळायचा. बोटं धरून ओढू नये, त्याने हात आणखी आखडतो. बाहीच्या तोंडातून आपला हात आत घालून मुलाचा पंजा अलगद धरावा आणि बाही वर सरकवावी.

वेल्क्रोची सलग पट्टी तुम्ही लावत नाही, हेही फार बरं. ती एका हाताने लावताना वाकडी चिकटते, आणि उघडताना जो चर्र आवाज होतो त्याने काही मुलं दचकतात. दचकली की अंग ताठ होतं. तुमचे १ इंचाचे सुटे चौकोन एकेक दाबता येतात. काजं शिवून बंद करून त्यांच्यावर बटणं टाकता, त्यामुळे गणवेश वर्गातल्या इतरांसारखाच दिसतो. मुलांना याचा किती आनंद होतो! (पालकांनो, धुण्याआधी वेल्क्रो बंद करा, नाहीतर आकड्यांत धागे भरून पकड जाते.)

पँटला मागचे खिसे नकोत, कारण तासन्‌तास खुर्चीत बसणाऱ्याला त्यांची शिवण रुतते. कंबर मागून २ इंच उंच हवी, म्हणजे बसल्यावर पाठ उघडी पडत नाही. पायात स्प्लिंट (पावलाला आधार देणारा कडक साचा) असेल तर पायाची बाहेरची शिवण खालून गुडघ्याखालपर्यंत उघडी ठेवून वेल्क्रो लावावं. आणि कमरेला दोन्ही बाजूंना नाडीचे फास, अंगठा सहज आत-बाहेर होईल एवढे. लहान फासात अंगठा अडकतो, मोठा फास खुर्चीच्या हँडलला अडकतो. या फासांमुळेच शेवटची ओढ मुलाला जमते. आई पँट मांड्यांपर्यंत चढवते, वरची ओढ मुलाची. ती पक्की झाली की आई गुडघ्यापाशीच थांबते. इलॅस्टिक घट्ट असेल तर मात्र संडासात ऐनवेळी पँट खाली येत नाही, म्हणून ते सैलच बरं.

कॉलरच्या आत मागच्या बाजूला घातलेला लाल दोऱ्याचा टाका तर तुम्हाला कुणी सांगितलाही नव्हता. शर्टाची मागची बाजू कुठली हे मुलं त्यावरूनच ओळखतात.

जूनच्या गणवेशांचं कापड पुढच्या आठवड्यात आणून देतो. लाल टाका त्यांनाही घाला.

तुमचे,
मुलांचे आईवडील आणि थेरपिस्ट