जिना भरायच्या आधी वरच्या लँडिंगची सळई बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरबांधणीच्या पानावर टाइल्स, रेलिंग, जिना कुठल्या दिशेला असावा हे सगळं येतं, पण जिन्यातल्या सळईबद्दल काहीच येत नाही, म्हणून लिहितोय. छोट्या बंगल्यांच्या साइटवर एकच चूक सारखी दिसते. जिना जिथं वरच्या लँडिंगला, म्हणजे सपाट चौकाला, मिळतो तिथं सळई बांधणारे फिटर तळाची सळई त्या कोपऱ्यातून वाकवून तशीच लँडिंगमध्ये नेतात, अखंड सळई बघून मालक पण खूश. पण लोड आला की ताण तळालाच येतो, वाकवलेली सळई सरळ व्हायला बघते आणि तिच्याखाली असतं जेमतेम 15-20 एमएमचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा पातळ थर, ते फुटून खाली येतं आणि मग तिथं सळईला धरून ठेवणारं काही उरत नाही.

खरं तर जिन्याची तळाची सळई सरळ वर नेऊन लँडिंगच्या वरच्या अंगाला आडवी करायची, आणि लँडिंगची तळाची सळई पुढं नेऊन जिन्याच्या वरच्या अंगाला खाली उतरवायची, दोन्ही एकमेकींना छेदून गेल्या पाहिजेत आणि छेदल्यानंतर पुढं पूर्ण डेव्हलपमेंट लेंग्थ, म्हणजे काँक्रीटनं सळई घट्ट धरायला लागणारी लांबी, मिळाली पाहिजे. एम20 दर्जाचं काँक्रीट आणि फे500 दर्जाची सळई असेल तर ती व्यासाच्या साधारण 57 पट, म्हणजे 10 एमएमला 570 एमएम, जवळपास दोन फूट. फिटर लोक नऊ इंच सोडून मोकळे होतात! खालच्या लँडिंगला मात्र तळाची सळई वाकवली तरी चालते, कारण तिथं ती आतल्या काँक्रीटवरच दाबली जाते. हा फरक बऱ्याच मुकादमांना कुणी सांगितलेलाच नसतो, त्यांना दोष देऊन काय उपयोग.

मीटरभर रुंद जिन्याला दर 150 एमएमवर एक सळई धरली तर एका जोडाला पाच-सहा किलो स्टील जास्त लागतं, बस. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) 1987 च्या एसपी 34 या सळईच्या मांडणीवरच्या हँडबुकमध्ये याचं डिटेल काढून दिलंय, पण मालकाच्या हातात असतो फक्त मंजुरीचा नकाशा आणि त्यात सळई नसतेच. आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडून जिन्याचं सेक्शन, म्हणजे सळई दाखवणारं उभ्या छेदाचं चित्र, मागून घ्या आणि काँक्रीट ओतायच्या आधी त्या कोपऱ्याचा फोटो काढून त्याला दाखवा, एवढं तरी कराच.

तुमच्या पानावर या जोडाचं एक साधं चित्र मराठी नावांसकट छापता आलं तर बघा, कात्रण साइटवर लावता येईल.

आपला,
एक साइट इंजिनिअर, सांगली