यंदा आठच वाच

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू म्हणालीस, आई यंदा मी 52 पुस्तकं वाचणार, आठवड्याला एक, सगळ्या जुन्या गाजलेल्या कादंबऱ्या, आणि मी नुसतं बरं म्हणून फोन ठेवला कारण गॅसवर दूध होतं. पण रात्रभर तेच डोक्यात. गेल्या वर्षीपण तू असंच ठरवलंवतंस ना, मग मार्च आला, ऑफिसात क्लोजिंग सुरू झालं आणि सातव्या पुस्तकावर गाडी अडकली ती अडकलीच, डिसेंबरात तर तू नापास झाल्यासारखी हिरमुसलीस. पुस्तकं कमी झाली याचं मला काही नाही गं, पण जी सात वाचलीस त्यातल्या एकाचीपण गोष्ट तुला धड सांगता येईना, त्याचं वाईट वाटलं.

म्हणून आज सकाळी कालनिर्णय पुढं घेऊन बसले आणि आधी तुझं ऑफिस मांडलं, पुस्तकं नंतर. मार्च कोरा सोडला. सप्टेंबरपण कोरा, तेव्हा तुमचं ऑडिट असतं आणि तू धड जेवत नाहीस, वाचणार कधी. उरलेल्या महिन्यांत आठ बसतात. आठच.

जानेवारीत रणांगण. विश्राम बेडेकरांची, 1939 ची, लहानशीच आहे. युरोपातून मुंबईला येणारी बोट, हिटलरच्या जाचातून सुटलेली ज्यू माणसं, त्यात एक मराठी माणूस आणि हॅर्टा नावाची ज्यू मुलगी. सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसनं येशील ना, त्या चार तासांत निम्मी होते, पण संपवायची घाई करू नको, शेवट घरी आल्यावर वाच.

फेब्रुवारीत एका कोळियाने. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी, मराठीत पुलंनी आणलेला. तीपण छोटी, मार्चच्या आधी छोटंच बरं.

एप्रिलात बनगरवाडी. माडगूळकरांची, 1955 ची. माणदेश म्हणजे काय लांब नाही, आपल्या सांगोल्याला लागूनच, तुझ्या बाबांची तिकडं बदली झालीवती तेव्हा आम्ही दोघं ती एकाच आठवड्यात आळीपाळीनं वाचली. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो एवढीच गोष्ट, पण शेवटी दुष्काळ पडतो ना ते मला उन्हाळ्यात वाचलं की घशाला कोरड पडते. वाक्यं किती साधी आहेत बघ. मला वाटतं मराठीत इतकं कमी शब्दांत इतकं कुणी दाखवलं नाही.

आता मे. मेमध्ये तू आठ दिवस इथं येणार आहेस आणि तेव्हा आपण दोघींनी मिळून बळी वाचायची, हे मी ठरवून टाकलंय. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, म्हणजे रणांगणवाल्या बेडेकरांच्याच बायको, एका घरात दोन माणसं अशी लिहिणारी. बळी 1950 ची. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचे, रोज हजेरी घ्यायचे. त्या कुंपणाच्या आतल्या माणसांची ही कादंबरी. मालतीबाईंनी अशा वसाहतीवर सरकारी नोकरी केलीवती, जवळून बघून लिहिलंय. आणि आपल्या सोलापुरातली सेटलमेंट म्हणजे अशीच एक वसाहत गं, अजून आपण रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हणून सांगतो तो भाग.

मी लहान असताना आजी म्हणायची तिकडं जायचं नाही. का, ते कधी सांगितलं नाही, मीपण विचारलं नाही. माझ्या वर्गात तिथनं येणारी एक मुलगी होती, मागच्या बाकावर एकटी बसायची, कुणाची पेन्सिल हरवली की सगळ्यांच्या माना आधी तिच्याकडं वळायच्या, माझीपण वळायची. चाळिशीत बळी हातात आली तेव्हा ती मुलगी आठवली आणि मी दुपारभर पुस्तक मिटून बसले. कायदा 1952 ला देशभरातनं गेला होता, आम्ही त्यानंतर कितीतरी वर्षांनी शाळेत होतो, तरी माना वळत होत्या. हे मला तुला तोंडी सांगायचंय, आणि पुस्तक वाचता वाचताच सांगता येईल असं वाटतं. वाचून झालं की एका संध्याकाळी त्या भागातनं चक्कर मारून येऊ.

जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही मिळून एकच कादंबरी, ‘पण लक्षात कोण घेतो’. जाडजूड आहे, घाबरू नको. हरिभाऊ आपट्यांनी ही आपल्या करमणूक साप्ताहिकात 1890 पासनं क्रमशः छापली, म्हणजे तेव्हाच्या बायकांनी ती आठवड्याला थोडी थोडीच वाचली असणार, पुढचा अंक येईपर्यंत त्यातल्या यमुनेचं काय होतंय याचा घोर घेऊन. तूपण तशीच वाच, रविवारी डोक्याला तेल लावलंस की पन्नासेक पानं. जुलैत रिटर्नच्या गर्दीतपण एवढं जमतं. भाषा जुनी आहे, पहिले दोन रविवार अडखळशील, मग यमुना तुझ्याशीच बोलायलीय असं वाटायला लागतं.

ऑक्टोबरात फकिरा. अण्णा भाऊंची, एका दमात होते, त्यावर मी जास्त सांगत नाही.

नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी धरून पर्व सुरू कर. भैरप्पांची, कन्नडमधली, मराठीत उमा कुलकर्णींनी केलेली. महाभारत आहे पण त्यात चमत्कार नाहीत, माणसं आहेत, थकलेली. तू वाचत असताना आजीजवळ बस, ती कन्नडमधनं ऐकलेलं महाभारत सांगेल आणि तुमचं दोघींचं जाम भांडण होईल कर्णावरनं.

डिसेंबरात कोसला. 1963 ला आली तेव्हा नेमाडे पंचविशीतले होते, तुझ्याच वयाचे. गावाकडचा पोरगा शिकायला पुण्यात येतो, त्याचं सगळं. मी दोनदा अर्धी टाकलीवती, तिसऱ्यांदा त्याच्या बहिणीच्या, मनीच्या मरणाच्या पानांपर्यंत पोचले आणि मग खाली ठेवता आली नाही. तू पुण्यात एकटी राहतेस म्हणून ती वर्षाच्या शेवटाला ठेवली, तेव्हा सुट्ट्या असतात, मध्येच उठून घरी यावंसं वाटलं तर येता येईल.

मोबाईलमधल्या त्या यादीत टिक करायची असेल तर कर, पण एक वही घे, कुठलीपण, आणि प्रत्येक पुस्तकातलं एक वाक्य आपल्या हातानं लिही. आवडलं नाही तर का नाही ते लिही. मला फोटो पाठव.

शेजारच्या काकूंचा मुलगा उद्या पुण्याला चाललाय, त्याच्याकडं शेंगाचटणी, कडक भाकरी आणि रणांगण देतेय. पुस्तक चटणीच्या डब्याजवळ ठेवायला नको म्हणून वेगळं बांधलंय, तुझ्या बाबांनी कॉलेजात घेतलेली प्रत आहे, मधली काही पानं सुटलीत, जपून उलट. आणि मेचं तिकीट बुकिंग सुरू झालं की लगेच काढ, नंतर वेटिंग येतं.

तुझी
आई