आजीच्या दाढेविषयी

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, एवढ्या वयात आणि स्मृतिभ्रंश असताना आजीला दाढेसाठी भूल देणे खरोखर गरजेचे आहे का. तेव्हा कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी चुकती करणे चालू होते, त्यामुळे नीट बोलता आले नाही; म्हणून आज सविस्तर लिहितो.

दिवाळीनंतर आजीने भाकर खाणे जवळजवळ सोडले. घास तोंडात घ्यायची, थोडा वेळ घोळवायची आणि बाहेर काढून पदराच्या टोकाला बांधून ठेवायची. आजार वाढला, आता ती चावणेही विसरली, असेच आम्ही धरून चाललो. मग एका रात्री ती अंधारात पाण्याचा गार तांब्या डाव्या गालाला लावून बसलेली दिसली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की तिला दुखते आहे आणि ते सांगायला तिच्यापाशी शब्द उरलेले नाहीत. महिनाभर तिचे दुखणे आपण विसरण्याच्या खात्यात टाकत राहिलो, याची मला फार खंत वाटते.

तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेले, तेथे दोघांनी हात धरून तिचे तोंड उघडण्याचा प्रयत्न केला. ती मला तिचा भाऊ समजून "दादा, घरी ने" म्हणून ओरडली. मी तिला तसेच उठवून आणले. धरून-दाबून हे काम पुन्हा करायचे नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावले ते असे: मिडाझोलामसारखे औषध शिरेतून अगदी थोडे थोडे देतात, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याची मात्रा कमीच ठेवतात. ती गुंगीत असेल, पण श्वास तिचा तीच घेईल. भूलतज्ज्ञ जवळ बसून रक्तदाब आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन पाहत राहतील. गुंगीने भीती जाते, वेदना जात नाही, म्हणून हिरडीत बधिर करण्याचे इंजेक्शन तरीही द्यावे लागते. नाकावर मुखवटा ठेवून वायू देण्याचीही पद्धत आहे, परंतु त्यासाठी सांगितल्याप्रमाणे नाकाने श्वास घेत राहावे लागते, आणि ते आता आजीला जमणार नाही. एकाच बैठकीत एक्स-रे, दोन दाढा काढणे आणि दात साफ करणे उरकेल. पुढचे दोन दात किडले आहेत, पण दुखत नाहीत. त्यांना किड थांबवणारे औषध नुसते लावतील. ते काळे पडतील, पडू देत.

तुझी भीती निराधार नाही. अशा औषधाने श्वास मंदावू शकतो, काही काळ गोंधळ वाढू शकतो आणि तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. परंतु दाढेत पू आणि पोटात अन्न नाही, अशा स्थितीत तिला ठेवणे मला त्याहून जास्त धोक्याचे वाटते.

तारीख येत्या शुक्रवारची आहे. आधीचे ६ तास जेवण नाही आणि शेवटचे २ तास पाणीही नाही. तिची रक्त पातळ करण्याची गोळी डॉक्टर सांगतील तशीच द्यायची, आपल्या मनाने बंद करायची नाही. नंतरचे २४ तास तिच्याजवळ सतत कोणीतरी हवे. ती माझे नाव विसरते, पण तू केस विंचरायला बसलीस की शांत होते, म्हणून शुद्धीवर येताना तू समोर असावीस, एवढीच माझी विनंती आहे. गुरुवारी रात्रीपर्यंत पोहोच. येताना लहान मुलांचा मऊ ब्रश आण. इथल्या दुकानातले फार कडक असतात.

तुझे बाबा