विषय: स्पॅनिश अभ्यासक्रमातील संदर्भ क्रमांकाच्या धड्यातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय / महोदया,

फोनवरच्या ग्राहकसेवेसाठीचा तुमचा स्पॅनिश अभ्यासक्रम मी पूर्ण केला आणि आता स्पॅनिश भाषिक ग्राहकांचे फोन घेते. व्याकरणाबद्दल तक्रार नाही, क्रियापदांचे धडे तर फार चांगले आहेत. तक्रार आहे ती संदर्भ क्रमांकाच्या धड्याबद्दल. त्याच्या भरवशावर मी एका ग्राहकाला चुकीचा क्रमांक दिला.

स्पेनमधल्या एका वयस्कर बाईंची तक्रार नोंदवून मी क्रमांक सांगायला घेतला. त्यात व्ही हे अक्षर होतं. तुमच्या तक्त्यात बीचं नाव 'बे' आणि व्हीचं 'वे' छापलंय, तसंच मी म्हटलं. त्यांनी बी लिहून घेतला. घेणारच, कारण स्पॅनिशमध्ये या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच आहे! म्हणून तर स्पेनमध्ये व्हीला 'ऊबे' म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी बीला 'बे लार्गा' म्हणजे लांब बे आणि व्हीला 'बे कोर्ता' म्हणजे आखूड बे, असं सांगतात. 'ऊबे' हेच नाव सगळीकडे वापरावं अशी शिफारस स्पॅनिश अकादमीने 2010 सालीच केलेली आहे. तुमच्या धड्यात यातलं एक अक्षर नाही. 'बे दे बार्सेलोना, ऊबे दे बालेन्सिया' असं गावाच्या नावावरून अक्षर पक्कं करण्याची साधी पद्धतही नाही.

पुढचे आकडे धड्यात शिकवल्याप्रमाणे जोडीने सांगितले: सेसेन्ता इ सिएते. त्यांना सेतेन्ता ऐकू आलं आणि 67 चे 77 झाले. मराठीतही आपण फोनवर एकोणसाठ म्हटलं की लगेच 'पाच नऊ' अशी पुस्ती जोडतोच ना? मग 'सेसेन्ता इ सिएते, सेइस, सिएते' अशी जोड द्यायला का शिकवलं नाही?

त्या बाई तीन वेळा तो क्रमांक घेऊन फोन करत राहिल्या आणि दर वेळी अशी नोंदच नाही, असं ऐकून परतल्या. चौथा फोन योगायोगाने माझ्याकडे आला. "मी नीट लिहून घेतलं होतं हो," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. खरंच घेतलं होतं. मलाच नीट सांगता आलं नव्हतं. त्यांचा तो आवाज अजून कानात आहे.

ग्राहक क्रमांक सांगतो आणि आपण लिहितो, तेव्हा वेगळीच पंचाईत. स्पॅनिशमध्ये 'ई' म्हटलं की ते आय असतं आणि 'ए' म्हटलं की ई. आपल्या कानात इंग्रजी अक्षरं पक्की बसलेली, त्यामुळे हात आपोआप चुकीचं अक्षर टाइप करतो. मराठी विद्यार्थ्यांसाठीच्या अभ्यासक्रमात ही सूचना पहिल्या पानावर हवी होती.

ध्वनिफितीतला निवेदक एकेक आकडा सावकाश, थांबून वाचतो. खरा ग्राहक तसं बोलत नाही. 'तिएने पारा आपुन्तार?' म्हणजे लिहून घ्यायला काही आहे का, आणि 'से लो रेपितो' म्हणजे पुन्हा सांगते, ही रोज लागणारी दोन वाक्यंही मला सहकाऱ्यांकडून शिकावी लागली.

माझी मागणी अशी: हा धडा नव्याने लिहावा, स्पेन आणि लॅटिन अमेरिका अशा दोन्हीकडच्या उच्चारांत पुन्हा ध्वनिमुद्रित करावा आणि अभ्यासक्रम घेतलेल्या सर्वांना विनामूल्य पाठवावा. तो कधी मिळेल ते लेखी कळवावं. नवी तुकडी लवकरच सुरू होत असल्याची तुमची जाहिरात वाचली. त्यांच्या हाती तक्ता जाण्याआधी निदान व्हीच्या नावाची दुरुस्ती करावी.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी