वय साठ, पेन्शन किती?

रविवारच्या पुरवणीतला वयानुसार गुंतवणुकीचा लेख वाचला, शंभरातून वय वजा करा आणि तेवढे टक्के शेअर्समध्ये टाका हे ऐकायला सोपं आहे, पण खरा हिशोब महिन्याला खात्यात काय जमा होतं त्यावर ठरतो. सरकारी पेन्शनवाला साठीतही रिस्क घेऊ शकतो. मी कारखान्यातून रिटायर झालो, ईपीएस-९५ ची (म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची) किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली, माझी त्याहून थोडीच जास्त, बीपी-शुगरच्या गोळ्यांतच संपते. म्हणून प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे सरळ पोस्टातल्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले, दर तिमाहीला व्याज येतं (मुलगा म्हणतो महागाईत मागे पडाल, पडू दे). तिथली मर्यादा ३० लाख, आमचा फंड तिथवर कुठला पोचायला! लेखात आमच्यासारख्यांसाठी एक परिच्छेद तरी हवा होता.

– एक निवृत्त कामगार, पिंपरी